बँकेच्या सर्व्हरची वही कोण ठेवतो?

३१ जुलै २०२४ रोजी भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला आपल्या व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांची ही संयुक्त कंपनी सहकारी व ग्रामीण बँकांना संगणक यंत्रणा पुरवते. तिच्या यंत्रणेत रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, शिरला होता. परिणामी देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. १ ऑगस्टला ते पूर्ववत झाले आणि दोन दिवसांत लोक विसरूनही गेले.

आपण व्यापाऱ्यांनी मात्र ते विसरता कामा नये. कारण आपल्यापैकी बहुतेकांची खाती अशाच लहान बँकांत आहेत. कारागिराची मजुरी, सुताचे बिल, गाडीभाडे, सारे तिथूनच फिरते. एक दिवस बँक अडली की शनिवारचा पगार अडतो.

या प्रकरणाची छाननी करून क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने जो अहवाल दिला, त्यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या अहवालाप्रमाणे घुसखोरीची सुरुवात सी-एजच्या एका सहयोगी कंपनीतील जेन्किन्स नावाच्या सर्व्हरपासून झाली. त्याची मांडणी सदोष होती. ज्या दोषाचा फायदा घेतला गेला, त्यावर जानेवारी २०२४ मध्येच दुरुस्ती निघाली होती. म्हणजे औषध बाजारात होते, पण ते कोणाला पाजायचे हे कोणी पाहिले नाही. सहा महिने हा सर्व्हर तसाच का राहिला असेल? माझ्या मते अशा ठिकाणी आळसापेक्षा वेगळे कारण असते. असा सर्व्हर आपल्याकडे चालू आहे, हीच गोष्ट कोणाच्या वहीत नसते.

अॅप्लिकेशन सर्व्हर म्हणजे काय, हे आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना पन्नाशीत समजून घ्यावे लागले. तो खिदमतगार समजा. काउंटरवरचा कारकून किंवा तुमचा मोबाइल एखादी मागणी करतो. हा खिदमतगार ती ऐकतो, आतल्या गोदामातून म्हणजे डेटाबेसमधून हिशेब काढतो आणि उत्तर आणून देतो. टॉमकॅट, वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही अशा खिदमतगारांची घराणी. यंत्र दिसते, त्यावर चिकटपट्टीने नंबर लावता येतो. हा मात्र यंत्राच्या पोटात चालणारा प्रोग्राम आहे. एका यंत्रात चार टॉमकॅट चालू असले तरी बाहेरून पेटी एकच दिसते आणि वहीत ‘सर्व्हर, नग एक’ अशी नोंद पडते.

संगणक खात्याने आपल्या सर्व वस्तूंची आणि त्यांच्या परस्पर संबंधांची नोंद ठेवावी, हा विचार १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणकविषयक संस्थेने मांडला. अशा नोंदवहीला कॉन्फिगरेशन डेटाबेस म्हणतात. विचार चांगला, पण हाताने लिहिलेली वही लिहिल्या दिवशीच जुनी होते. आमची धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये पूर्णपणे पुणे महापालिकेत आली. तेव्हा दप्तरातली घरे आणि रस्त्यावर उभी असलेली घरे यांत किती अंतर असते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. संगणकाच्या दुनियेत तर घरे एका रात्रीत उभी राहतात.

म्हणून आपोआप शोध घेणारे प्रोग्राम निघाले. त्यांचे काम कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या धंद्यातल्या माणसाला ते लगेच पटेल. प्रथम त्याला पत्त्यांची यादी द्यायची, अमुक आकड्यापासून तमुक आकड्यापर्यंत. तो प्रत्येक पत्त्यावर दार ठोठावतो. जे यंत्र उत्तर देते, त्यात दिलेल्या खात्याने व पासवर्डने आत जातो आणि आत काय काय चालू आहे याची यादी मागतो. आता टॉमकॅट असो की वेबलॉजिक, यादीत नुसते ‘जावा’ एवढेच दिसते. शिक्का नसलेले थान जसे. मग तो पूर्ण हुकूम वाचतो, म्हणजे हा प्रोग्राम कोणत्या शब्दांनी सुरू केला गेला ते. त्यात ‘कॅटालिना’ हा शब्द सापडला तर टॉमकॅट, ‘वेबलॉजिक डॉट सर्व्हर’ सापडला तर वेबलॉजिक. थानाच्या किनारीवर मिलचा शिक्का शोधावा तसेच हे आहे. गिऱ्हाईक काहीही सांगो, किनार खोटे बोलत नाही.

नुसत्या पोर्टच्या आकड्यावर तो विसंबत नाही, हे महत्त्वाचे. टॉमकॅट सहसा ८०८० वर आणि वेबलॉजिक ७००१ वर असतो, पण कोणीही तो आकडा बदलू शकतो. पुढे तो त्या सर्व्हरच्या मांडणीच्या फायली वाचतो. आवृत्ती कोणती, त्यावर कोणती अॅप्लिकेशन्स चढवली आहेत, ती कोणत्या डेटाबेसकडे जातात. शेवटी हे सारे धागे जोडून वहीत लिहितो. माझ्या दृष्टीने खरी किंमत या धाग्यांची आहे. अमुक डेटाबेस रात्री बंद ठेवला तर सकाळी कोणते काउंटर उघडणार नाही, हे त्यातून कळते.

डिसेंबर २०२१ मध्ये याची कसोटी साऱ्या जगाने पाहिली. जावा प्रोग्रामांत नोंदी लिहिण्यासाठी वापरला जाणारा लॉगफोरजे नावाचा छोटा भाग सदोष निघाला. गांभीर्याच्या मोजमापात त्याला १० पैकी १० गुण मिळाले. दुरुस्ती तर लगेच आली. पण ‘हा भाग आपल्याकडे कुठे कुठे आहे?’ या प्रश्नाला भल्याभल्या कंपन्यांकडे उत्तर नव्हते. तो सर्व्हरच्या आत, अॅप्लिकेशनच्या आत, फायलीच्या आत लपलेला होता. ज्यांची वही ताजी होती त्यांना निदान सुरुवात कोणत्या दारापासून करायची ते ठाऊक होते.

आता कोणी म्हणेल, यंत्र आणले की काळजी मिटली. तसेही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. दोष स्ट्रट्स नावाच्या भागात होता आणि मार्च महिन्यातच त्याची सूचना आली होती. कंपनीने तपासणीही केली. परंतु तपासणाऱ्या प्रोग्रामने वरचा फोल्डर पाहिला, आतला पाहिला नाही, आणि सर्व ठीक असल्याचे कळवले. मे ते जुलै चोर आत होते. अर्धवट मोजलेला साठा न मोजलेल्या साठ्यापेक्षा घातक, कारण मालक निर्धास्त झोपतो.

आणखीही अडचणी आहेत. एकच यंत्र दोन पत्त्यांवर दिसले तर वहीत दोनदा चढते. ते ओळखून एक करावे लागते. जो सर्व्हर फक्त तिमाही व्याज काढण्यापुरता चालू होतो, तो तपासणीच्या रात्री बंद असला तर दिसतच नाही. काही वेळा न दिसल्यावर त्याला वहीतून काढून टाकले, तर भलतेच. ज्या पत्त्यांची यादी दिलीच नाही तिथे काय चालले आहे, हे तर या शोधकाला कधीच कळणार नाही. आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे प्रत्येक दाराची किल्ली याच्याकडे असते. सर्व तिजोऱ्यांच्या किल्ल्या एका मुनिमाच्या कमरेला बांधण्यासारखे हे आहे. त्याला फक्त पाहण्याची परवानगी हवी, हात लावण्याची नव्हे.

एवढे असूनही मी या वहीच्या बाजूने आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारा खोटा स्विच उभा करून २८ देशांतून रोकड काढली गेली आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. नुसत्या शोधक प्रोग्रामने ती चोरी थांबली असती, असा दावा मी करणार नाही. पण आपल्या जाळ्यात असे काय चालू आहे जे आपण बसवलेले नाही, हा प्रश्न रोज विचारणारा कोणी तरी हवाच. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली. तिच्यातही संगणकीय मालमत्तेची अद्ययावत नोंदवही ठेवण्याची अट आहे. अट कागदावर पुरी करणे सोपे असते. हिशेबनीस येण्याआधी एक्सेलचा तक्ता भरला की झाले.

संचालक मंडळी खर्चाचे कारण सांगतात. “आमच्या कॉम्प्युटरवाल्या मुलाला सगळे पाठ आहे,” असेही ऐकायला मिळते. त्या मुलाला हिंजवडीत दुप्पट पगार मिळाला की पाठांतर त्याच्याबरोबर जाते. खर्चाचे म्हणाल तर जीएलपीआयसारखी फुकट मिळणारी मुक्त साधने आहेत. लहान बँकेला सुरुवात करायला ती पुरेशी आहेत. आणि गंमत पाहा, ज्या बीएमसी कंपनीने २००९ मध्ये लंडनची टाइडवे कंपनी याच कामासाठी विकत घेतली, तिचे मोठे केंद्र पुण्यातच आहे. हे काम जाणणारे तरुण याच शहरात राहतात, आणि आपल्या बँकांत वही हातानेच लिहिली जाते.

व्यापारी बांधवांनो, आपण या बँकांचे नुसते ग्राहक नाही, सभासद आहोत. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होते. तिथे आपण लाभांश किती आणि भेटवस्तू काय, एवढेच विचारतो. रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तोवर थकीत कर्जांचे प्रश्न विचारायला आपण शिकलो होतो. तसा हाही प्रश्न शिकून घ्यावा. लेखी अर्ज द्यावा, म्हणजे उत्तर इतिवृत्तात येते. सर्व्हरची नोंदवही बँकेकडे आहे की यंत्रणा पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे, हे आधी विचारावे. ठेकेदाराकडे असेल तर त्याच्या पोटठेकेदारांचे सर्व्हर त्यात आहेत का, हेही. मग मागील आपोआप तपासणीची तारीख मागावी, आणि त्या तपासणीत आधी वहीत नसलेले किती सर्व्हर सापडले तो आकडा. उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर तपासणी कोणत्या पत्त्यांची झाली ते विचारायला उठून उभे राहावे.