दुर्बीण हाही सार्वजनिक पाणवठाच

ग्रहण लागले की अस्पृश्य वस्तीतल्या बायाबापड्यांनी टोपली घेऊन गावात हिंडायचे आणि ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी द्यायची, ही गावगाड्याने लावून दिलेली रीत होती. ग्रहणाचा हिशेब जोशाच्या पंचांगात आणि त्याचा विटाळ मात्र आमच्या पदरात! ही लाचारी आम्ही झुगारून दिली. पण ग्रहण मोजणाऱ्यांच्या रांगेत आम्ही कुठे आहोत, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

ग्रहण केवळ सूर्य-चंद्रालाच लागते असे नाही. ययाती तारकासमूहात अल्गॉल नावाचा तारा आहे. डोळ्यांना तो एकच दिसतो, पण तिथे दोन तारे एकमेकांभोवती अगदी जवळून फिरतात. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो आणि उजेड एक तृतीयांशाहूनही कमी होतो. अरबांनी त्याला राक्षसाचे डोके म्हटले. राक्षस कुठला? १७८३ मध्ये इंग्लंडमधील जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या बहिऱ्या मुलाने नुसत्या डोळ्यांनी रात्रीमागून रात्री नोंदी केल्या, त्या उतार-चढावाचा नेमका काळ काढला आणि त्यामागे ग्रहण असावे, असे सुचवले. भीतीच्या जागी हिशेब आला. असे ग्रहणकारी जोडतारे म्हणजे आज तारे तोलण्याचा काटाच आहेत. त्यांच्या ग्रहणावरून आणि वर्णपटावरून ताऱ्यांचे वजन व आकार काढता येतात.

अल्गॉल डोळ्यांनी दिसतो, पण असे बहुतेक तारे अंधुक असतात. त्यांना दुर्बीण लागते आणि दुर्बीण एकट्यादुकट्याच्या ऐपतीची नसते. ती वाटून घ्यावी लागते. मग पाळी कोणाची, हा प्रश्न येतो. इथेच खरी मेख आहे. अल्गॉलचेच गणित पाहा. सोमवारी मध्यरात्र उलटल्यावर २ वाजता तो सर्वांत मंद झाला, तर पुढची वेळ गुरुवारी रात्री १०.४९ ची आणि त्यापुढची रविवारी संध्याकाळी ७.३८ ची. त्यानंतरचे ग्रहण दिवसाउजेडी जाते. रात्रीच्या ग्रहणांची अशी मालिका पुन्हा यायला साधारण तीन आठवडे लागतात. मावळात पावसाळा तर हिशेबातच धरायचा नाही. म्हणजे हिवाळ्यातल्या मोजक्याच रात्री कामाच्या. त्या रात्री ‘वजनदार’ मंडळींना आणि उरलेल्या रात्री आम्हांला दिल्या, तर कागदावर वाटणी समान दिसेल. आमच्या हाती मात्र ग्रहण नसलेला तारा पडेल!

सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले साधन सर्वांना खुले असावे, असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात पाणवठ्यांबाबत मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कागदावर खुले असणे वेगळे आणि प्रत्यक्षात खुले असणे वेगळे, हा महाडचा धडा आहे. दुर्बिणीलाही तो लागू पडतो.

आमच्या पुणे जिल्ह्यात साधनांची वाण नाही. विद्यापीठांना सामाईक सोयी मिळाव्यात म्हणून १९८८ मध्ये आयुका स्थापन झाली. तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये गिरवलीला उभी राहिली. खोडदला ४५ मीटरच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत. वेळ अर्ज करून मिळतो. हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. पण तो अर्ज कसा लिहायचा, हे वस्तीतल्या पोराला शिकवतो कोण?

यावर ‘गुणवत्ता’ हा ठरलेला शब्द पुढे येतो. ठीक आहे, गुणवत्तेचेच बोलू. अमेरिकेच्या हबल दुर्बिणीसाठी २०१८ मध्ये अर्जदारांची नावे झाकून अर्ज तपासले. त्या फेरीत स्त्रियांच्या अर्जांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त यश मिळाले. त्याआधी अनेक वर्षे उलटा कल होता. नाव झाकल्यावर अर्ज दिसला. जिथे आडनावावरून जात ओळखली जाते, तिथे हा प्रयोग किती गरजेचा आहे, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मावळ तालुक्यात सार्वजनिक खर्चाने मध्यम आकाराची एक दुर्बीण उभारा. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा आणि समाजकल्याणची वसतिगृहे यांना तिच्यावर हक्काची पाळी द्या. वेळापत्रक मराठीत छापून शाळेच्या फळ्यावर लावा. त्यात कोणत्या रात्री ग्रहण आहे ते लिहा आणि प्रत्येक शाळेला हिवाळ्यात ग्रहणाची एक तरी रात्र मिळू द्या. ढगांनी ज्यांची पाळी बुडवली, त्यांना पुढच्या मालिकेत पहिला मान द्या. मुलींना आणि कातकरी-ठाकर पाड्यांवरच्या पोरांना ने-आण करायला गाडी द्या. रात्री दोनला घरी पोचायची सोय नसेल, तर ती पाळी दिली असे म्हणता येणार नाही.

लोणावळ्याच्या बंगल्यांचे आणि द्रुतगती मार्गाचे दिवे मावळचा अंधार झपाट्याने खात आहेत. जो अंधार उरला आहे, त्यावर हक्क सांगायची वेळ हीच आहे. याच मावळात कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. अनेकांच्या हातांनी ते उभे राहिले. विज्ञानही असेच उभे राहते. बांधवांनो, एका ग्रहणाच्या नोंदीखाली तुमच्या लेकराचे नाव का नसावे? यंदाच्या हिवाळ्याआधी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना हा प्रश्न विचारा.