विज्ञानशिक्षणाचा हिशेब

पुराव्यावांचून फिर्याद टिकत नाहीं, हें कायद्याचें साधें सूत्र होय. इ. स. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना महात्मा जोतीराव फुले यांनीं सरकारास हिशेबच विचारला होता: महसूल पिकवितो शेतकरी, मग शिक्षणाचा पैसा वरिष्ठ वर्गांवर कां खर्च होतो? हाच प्रश्न आज विज्ञानशिक्षणाच्या बाबतींत विचारणें अवश्य झालें आहे.

आंकडे नाहींत असें नाहीं. शाळेंत प्रयोगशाळा आहे कीं नाहीं, अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेंत मुली किती, कोणत्या सामाजिक प्रवर्गांतील विद्यार्थी किती, हें सर्व 'युडायस'च्या वार्षिक नोंदींत भरावें लागतें. १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणांत आठवी व दहावीच्या मुलांची विज्ञानाचीही चांचणी झाली. परंतु ती निवडक शाळांतून घेतलेली. तिचा निष्कर्ष जिल्ह्यापाशीं थांबतो. सोलापूर जिल्ह्याच्या सरासरींत होटगीची मुलगी कोठें दिसणार? आमचे व्यापारी बंधु वर्षाअखेर केवळ एकूण बेरजेवर समाधान मानीत नाहींत. कोणत्या खात्यांत तूट आली हें ते खतावणींत पाहतात. शाळेनेंही तेंच केलें पाहिजे.

होटगी हें रेल्वेचें जंक्शन; येथूनच विजापूर-गदगकडे लोहमार्ग फुटतो. घरीं कानडी व पुस्तकांत मराठी, अशीं मुलें या सीमाभागांत आहेत. अशा मुलास विज्ञानांत कमी गुण पडले, तर त्यास घनतेची कल्पना समजली नाहीं, कीं 'घनता' हा शब्दच समजला नाहीं? पहिल्यास प्रयोग दाखविला पाहिजे, दुसऱ्यास भाषेचें साहाय्य दिलें पाहिजे. केवळ गुणांच्या बेरजेवरून हा भेद कळत नाहीं, आणि मुलगा मात्र 'मंद' ठरतो! म्हणून गुण प्रश्नवार मांडावे. घरची भाषा, मुलगा-मुलगी, हजेरी यांप्रमाणें ते ताडून पाहावे. तसेंच दहावीनंतर विज्ञानाकडे कोण गेलें, कोण गेलें नाहीं व कां, याचीही नोंद असावी. यांत मुलांचीं नांवें व जाती मात्र चारचौघांत वाचूं नयेत. संख्या पुरेशा आहेत. शिक्षकांस दोषी ठरविणें हाही याचा हेतु नव्हे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या असून शाळेचा विकास आराखडा करण्याचें कामही तिजकडे सोंपविलें आहे. होटगीच्या पालकांनीं पुढच्याच बैठकींत आठवीच्या विज्ञानाचे आंकडे असे वेगळाले मांडून मागावे. कायद्यानें दिलेला हक्क आपण न बजावल्यास दोष दुसऱ्या कोणास देतां येणार नाहीं.