तलंग की कोंबडा?

अंड्यांसाठी अंगणात कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींची तक्रार नेहमीची: विकणारा सगळ्या तलंगा म्हणून देतो आणि तीन-चार महिन्यांत निम्म्या बांग देऊ लागतात.

एक दिवसाच्या गावठी पिल्लाचा रंग पाहून काही कळत नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. तशी खात्री ठरावीक संकरातच मिळते. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडी यांच्या काळ्या पिल्लांत डोक्यावर पांढरा ठिपका असलेला नर, नसलेली मादी. पट्ट्यांचा गुण आईकडून फक्त नरांकडे जातो. बाजारातली गुलाबी-हिरवी पिल्लं तर रंगात बुडवलेली. ती बहुधा अंड्यांच्या हॅचरीला नको असलेले नरच!

गावठी पिल्लं दहा-बारा आठवड्यांची होऊ द्या. नराच्या मानेवर आणि शेपटीलगत पाठीवर लांब, टोकदार, चकचकीत पिसं येतात. मादीची तिथली पिसं गोल टोकाची, फिकट. दोन पैसे जास्त पडले तरी याच वयाच्या घ्या. माहीत असून नर तलंग म्हणून खपवणं हा सरळ धोका आहे.

घरी आलेल्या कोंबड्याला मात्र शिव्या नकोत. तो नमाजसाठी उठवतो, असं अबू दाऊदमधल्या हदीसमध्ये आलं आहे. अंडी मिळायला कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांत एक पुरे, बाकीचे दावतीला.