इस्त्रीवाल्याच्या दारात थांबलेला कुत्रा

दिवाळी अंकात रुक्ष विषय नको, काहीतरी खुसखुशीत द्या, अशी संपादकांची दरवर्षीची ताकीद असते. यंदा ती मोडावी लागत आहे. कारण एका वाचक भगिनीचे पत्र. घरात आजारपण, हातात तपासणीचा कागद, आणि कागदावर लिहिलेले, ‘अमुक ग्राही : पॉझिटिव्ह’. बाई विचारतात, “हा ग्राही कोणी पाहिला? कशाने पाहिला? आणि पाहणाऱ्याची चूक होतच नाही काय?”

पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. तिसरा मात्र मोठमोठ्या संशोधकांनाही छळून गेलेला आहे. त्याचे उत्तर म्हणून एक घडलेली हकीकतच सांगतो.

आपल्या शरीरातील पेशी बहिरी नसते. तिच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे बनलेले कान असतात. त्यांना शास्त्रज्ञ ‘ग्राही’ किंवा ‘रिसेप्टर’ म्हणतात. रक्तातून निरोप येतो, तो ज्या पेशीला त्याच्यापुरता कान असेल तिलाच ऐकू जातो. असाच एक निरोप्या म्हणजे एरिथ्रोपोएटिन. शरीरात प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंड हे द्रव्य रक्तात सोडते आणि हाडांच्या मगजातील कोवळ्या पेशींना सांगते, ‘तांबड्या पेशी वाढवा!’

हे द्रव्य हाती लागणे किती कठीण होते पाहा. शिकागोचे यूजीन गोल्डवॉसर वर्षानुवर्षे त्याच्या मागे होते. जपानमधील कुमामोटो येथून डॉ. मियाके यांनी पांडुरोगाच्या एका प्रकारातील रुग्णांचे सुमारे २,५५० लिटर मूत्र जमवून, आटवून आणले. त्यातून १९७७ साली शुद्ध द्रव्य निघाले ते जेमतेम काही मिलिग्रॅम! पुढे त्याचे जनुक सापडले, ते कारखान्यात बनू लागले, आणि १९८९ साली अमेरिकेत मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी त्याला परवानगी मिळाली. आज आपल्याकडेही ज्या घरात डायलिसिस चालू आहे त्या घराला ह्या इंजेक्शनचे नाव ठाऊक असते. वारंवार रक्त चढवण्याचा त्रास त्याने पुष्कळ कमी केला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

कर्करोगाच्या औषधांनीही रक्त कमी होते. तेव्हा त्या रुग्णांनाही हे इंजेक्शन देऊ लागले. आणि इथेच एक शंका डोके वर काढू लागली. तांबड्या पेशींसाठी दिलेली ही हाक कर्करोगाच्या गाठीने ऐकली तर? तिलाही तोच कान असला तर?

आता कान शोधायचा कसा? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. त्यासाठी लागते प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी. पोलिसांच्या कुत्र्याला चोराच्या सदऱ्याची चिंधी हुंगायला देतात ना, तसाच हा प्रकार. हव्या त्या प्रथिनाचा एक तुकडा सशाला टोचतात. सशाचे रक्त त्या परक्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती काढून घेऊन गाठीच्या पातळ कापावर सोडली की ती ओळखीच्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. मग एका रासायनिक युक्तीने ती चिकटलेली जागा तपकिरी दिसते. तपकिरी दिसले की ‘ग्राही आहे’. कुत्रा भुंकला, चोर सापडला!

ह्या कामी पुष्कळ प्रयोगशाळांनी वापरलेल्या प्रतिपिंडाचे नाव होते ‘सी-२०’. ग्राहीच्या शेपटाकडचा तुकडा सशाला देऊन ते बनवलेले होते. ह्या कुत्र्याने एकामागून एक गाठींपुढे भुंकायला सुरुवात केली. स्तनाचा कर्करोग, तपकिरी. डोक्यामानेचा कर्करोग, तपकिरी. शास्त्रीय नियतकालिकांत लेखांवर लेख येऊ लागले.

त्यातच २००३ साली जर्मनीतील डॉ. हेंके व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यामानेच्या कर्करोगाच्या ३५१ रुग्णांवरील चाचणीचा निकाल जाहीर केला. क्षकिरणांच्या उपचारांबरोबर एरिथ्रोपोएटिन मिळालेल्यांचे रक्त वाढले खरे, परंतु त्यांचा रोग अधिक लवकर बळावला. २००६ साली ह्याच मंडळींनी त्यांपैकी १५४ रुग्णांच्या गाठी सी-२० ने तपासल्या आणि लिहिले की, ज्यांच्या गाठी तपकिरी झाल्या त्यांचेच अधिक नुकसान झालेले दिसते. आता संशयाला जागा उरली कोठे? आरोपी आहे, साक्षीदार आहे, आणि दोघांची गाठही पडली!

पण त्याच वर्षी इलियट नावाच्या संशोधकाने व त्याच्या गटाने ह्या साक्षीदाराचीच उलटतपासणी घेतली. त्यांनी पेशींतील प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी केली आणि सी-२० नक्की कोणाला चिकटते ते पाहिले. ठळक रेघ उमटली ती ६६ हजार वजनाच्या जागी. ग्राही तर त्याहून हलका! मग हा ६६ हजारवाला कोण? तो निघाला एचएसपी-७० नावाच्या कुळातला एक सेवक.

हा सेवक आपल्या परिचयाचाच समजा. पेशीत नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांची नीट घडी बसावी, विस्कटलेली पुन्हा नीट व्हावी, हे त्याचे काम. थोडक्यात, पेशीच्या गल्लीतील इस्त्रीवाला! तो घरोघर असतो. पेशीवर संकट आले की त्याचे काम वाढते आणि त्याची संख्याही. कर्करोगाच्या गाठीत तर त्याची चंगळच असते. उलट ग्राही इतका विरळा की तांबड्या पेशींच्या पूर्वजांवर, जिथे त्याचे खरे घर, तिथेही तो पेशीमागे हजाराच्या आतबाहेरच. ज्या चिंधीचा वास कुत्र्याला दिला होता, त्याच थानातला एक तुकडा इस्त्रीवाल्याच्या सदऱ्यालाही लागलेला होता. म्हणजे दोन्ही प्रथिनांचा थोडासा भाग एकसारखा होता. कुत्रा बिचारा प्रामाणिकच. तो भुंकला, पण इस्त्रीवाल्याच्या दारात.

येथे चाणाक्ष वाचक विचारील की, हे इलियट कोठे नोकरीला होते? ॲमजेन कंपनीत. म्हणजे हे औषध विकणाऱ्या कंपनीतच! शंका रास्त आहे. परंतु शास्त्रात माणसाच्या नोकरीवरून निकाल देत नाहीत, प्रयोग पुन्हा करून पाहतात. बेलफास्टच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर तो करून पाहिला आणि २००७ साली त्यांनीही सी-२० च्या साक्षीवर प्रश्नचिन्ह लावले.

मग औषध निर्दोष सुटले काय? मुळीच नाही! ह्या हकीकतीतील खरी मेख हीच. साक्षीदार खोटा ठरला म्हणून आरोपी निरपराध ठरत नाही. गाठींचे काप बाजूला ठेवून डॉक्टरांनी सरळ रुग्णांची मोजदाद केली. २००७ साली अमेरिकन सरकारच्या औषधखात्याने ह्या औषधांवर चौकटीत ठळक इशारा छापायला लावला. २००९ साली ५३ चाचण्यांतील १३,९३३ कर्करोगग्रस्तांचा एकत्र हिशेब झाला. चाचणीच्या काळात औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळले. धोका खरा होता. पण ‘गाठीला कान आहे म्हणून’ हे जे कारण ठामपणे सांगितले जात होते, त्याचा पाया मात्र भुसभुशीत निघाला. चुकीच्या तपकिरी रंगामागे किती जणांची किती वर्षे गेली असतील, त्याचा हिशेब कोण देणार?

पुढे २०१० साली ‘ए-८२’ हे अधिक भरवशाचे प्रतिपिंड तयार झाले. २०१६ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने प्रतिपिंड पारखण्याच्या पाच रीती सांगितल्या. त्यांतली एक मला फार आवडते. ज्या पेशीतून ते प्रथिन जनुकासकट काढून टाकले आहे, तिच्यावर प्रतिपिंड सोडून पाहा. चोर गावात नाही हे ठाऊक असताना कुत्रा भुंकला, तर कुत्रा बदला!

आता पत्र लिहिणाऱ्या बाईंना उत्तर. ताई, पाहणाऱ्याची चूक होते, म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळेत पाहणाऱ्यावरही पहारा असतो. तुमच्या कापाबरोबर दुसरा एक काप रंगवतात, ज्यात ग्राही आहे हे आधीच ठाऊक असते. तो तपकिरी झाला पाहिजे. जिथे ग्राही नाही असा भाग कोराच राहिला पाहिजे. स्तनाच्या कर्करोगात ‘हर-२’ नावाचा ग्राही पाहतात. त्याला शून्य ते तीन असे गुण देतात, आणि दोन गुण आले तर रंगावर न विसंबता त्याच्या जनुकाच्या प्रतीच मोजतात. कारण त्या एका शब्दावर महागडे औषध द्यायचे की नाही हे ठरते. चुकीचा ‘आहे’ रुग्णाला नको ते औषध देतो, चुकीचा ‘नाही’ हवे ते हिरावून घेतो.

तेव्हा कागद पाहून घाबरू नका, आणि डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. ‘संशय असल्यास दुसऱ्या रीतीने पडताळले आहे का?’ एवढा एकच प्रश्न पुरे. आणि हे वाचून कोणी डायलिसिसच्या रुग्णाने आपले इंजेक्शन मनाने बंद करू नये, तो हिशेब निराळा आहे.

दिवाळीत आपण दाराशी पणती लावतो ती नीट दिसावे म्हणून. दिसते ते खरेच आहे ना, हे पाहायला मात्र दुसरी पणती लागते. तुमच्या घरचे आजारपण सरो आणि पुढची दिवाळी हसतीखेळती येवो!