मुकादमाचा होकार म्हणजे बाईचा होकार नव्हे



या पानावर मी नेहमी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज थोडे वेगळे लिहितो, आणि त्यात चूक माझी आहे.

मागे एका हंगामात तोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी करायला काही मंडळी आली होती. हेतू चांगला होता. मी टोळ्यांची यादी दिली आणि मुकादमाला म्हटले, "बायांना बोलाव." त्याने तळावर सगळ्यांना रांगेत बसवले. पाळीचे, अंगावरून जाण्याचे, पिशवीच्या ऑपरेशनचे प्रश्न मुकादमासमोर, दीर-सासऱ्यांसमोर विचारले गेले. दिवस मावळायच्या आत कोणीला काय दुखणे आहे, ते साऱ्या कोप्यांना कळले. दुसऱ्या दिवशी फडात एक बाई एवढेच म्हणाली, "साहेब, नाही म्हणायची सोय होती का?" मला उत्तर सुचले नाही. ज्याची उचल अंगावर आहे, त्याच्यासमोर ती नाही कशी म्हणणार?

पाहण्याच नकोत, असे माझे म्हणणे नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास छापून आला आणि शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग असल्याचे जगाला कळले. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. विचारलेच नसते तर हे उजेडात आले नसते.

पण विचारण्याची रीत असते. २००९ साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस अभ्यासासाठी दिली गेली. संमतीच्या हजारो फॉर्मवर आई-बापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियमही सांगतात की, प्रमुखाची परवानगी घेतली तरी ज्या त्या माणसाची संमती वेगळी घ्यावीच लागते.

काही सभासद म्हणतील, ऐन हंगामात हा खटाटोप कशाला? अहो, आपण माती परीक्षणाला नमुना नेतो, तर शेतकऱ्याला विचारून नेतो आणि रिपोर्ट त्याच्याच हाती देतो. मातीला जो मान, तो माणसाला नको का?

म्हणून माझे मत असे की, तळावर पाहणीला येणाऱ्यांना आधी चार गोष्टी विचाराव्यात. माहिती कशासाठी हवी? प्रत्येकीशी आडोशाला, बाईमाणूसच बोलणार का? नाव कागदावरून काढणार का? दुखणे निघाले तर उपचार कोण करणार? आणि जी नाही म्हणेल तिचा खाडा धरू नये, तिला टोळीतून काढू नये.

आपल्या घरी पाहणीवाले आले, तर आपणही हेच विचारू. मग आपल्या फडातल्या बाईसाठी का नको? सभासदांनी विचार करावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी