पंचवीस मिनिटांचा हिशेब

अकोल्यात माल उतरवून परतीच्या भाड्याची वाट पाहणारे ट्रकचालक दुपारी गाडीच्या सावलीत विसावलेले दिसतात. पन्नाशी-साठी गाठलेल्या मंडळींत तारुण्यातील वेगाचा विषय हमखास निघतो. राष्ट्रीय महामार्ग ६ हेच नाव अजून त्यांच्या तोंडी आहे. आज त्याचा क्रमांक ५३ आहे. त्या दुपदरी रस्त्यावर बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत कोणालाही पुढे जाऊ दिले नाही, डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, अशा आठवणी रंगतात. पुढे मात्र आवाज खाली येतो. बरोबर गाडी चालवणाऱ्यांपैकी कोण उरले, याची उजळणी सुरू होते.

वय वाढले तसा या मंडळींचा वेग आपोआप उतरला. रात्री समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांना सोसवत नाही, कंबर आणि गुडघे कुरकुर करतात, हे एक कारण झाले. दुसरे कारण अनुभवाचे. माल भरलेली गाडी ब्रेक दाबताच थांबत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचेपर्यंतच बैलगाडी किंवा दुचाकी जवळ आलेली असते.

गंमत अशी की रस्ता सुधारला तेव्हा हे लोक सावकाश झाले. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकण्यात आली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला तसा तरुण चालकांच्या हाताला वेगाचा मोह सुटला.

या मोहाची किंमत व्यापाऱ्याने वहीत मांडून पाहावी. शंभर किलोमीटरला ताशी ८० च्या वेगाने ७५ मिनिटे लागतात, ताशी ६० च्या वेगाने १०० मिनिटे. वाचतात ती २५ मिनिटे. त्यानंतर गाडी काट्यावर रांगेत उभी राहते, हमाल येईपर्यंत थांबते आणि बिल्टीवर सही होईपर्यंत तासभर जातो. रस्त्यावर जीव धोक्यात घालून कमावलेली मिनिटे दुकानाच्या दारात अशी सहज खर्च होतात.

वेगाचा दोष एकट्या चालकाच्या माथी मारून चालणार नाही. ‘सकाळी बाजार उघडण्यापूर्वी गाडी लागलीच पाहिजे’ असा निरोप गादीवरूनच जातो. चौपदरी महामार्गावर मालवाहू गाडीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे, इतर रस्त्यांवर ६०. आपल्या नोकरीतील वा ताब्यातील चालकाकडून वेगमर्यादा मोडवणाराही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार दोषी ठरतो. मर्यादा न मोडता गाठणे अशक्य अशी वेळ ठरवून देणे हा त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. घरचे ट्रक असणाऱ्या पेढ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ई-वे बिलाची मुदतही घाईचे कारण होऊ शकत नाही. साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. सहाशे किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला तीन दिवस. अडचण आली तर ती मुदत वाढवूनही घेता येते.

मग करावे काय? गाडी आदल्या दिवशी दुपारी भरून मोकळी करावी. पोहोचण्याची वेळ ठरवताना जेवण आणि झोप धरूनच ठरवावी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती, तिचा मान राखावा. लवकर आलेल्या चालकाला बक्षीस देण्याची रीत असेल, तर ते बक्षीस वर्षभर अपघाताविना गाडी चालवणाऱ्यास द्यावे. आणि नव्या चालकाला पहिल्या काही फेऱ्यांसाठी पिकल्या केसांच्या चालकासोबत पाठवावे. तो जे शिकवील ते वाहन परवान्याच्या परीक्षेत विचारले जात नाही.