एलिफंटा की घारापुरी?

आम्हा अवधपुरीतील डॉक्टर मंडळींच्या गप्पांत अलीकडे परदेशच्या सहलींचा विषय हमखास निघतो. मागच्या बैठकीनंतर चहापानाच्या वेळी एका सहकारी दांपत्याने ग्रीसमधील सँटोरिनी बेटाची छायाचित्रे दाखविली. काळ्या-तांबूस कड्यांच्या माथ्यावर शुभ्र घरे, निळे घुमट आणि खाली ज्वालामुखीच्या विवरात शिरलेला समुद्र! दृश्य विलोभनीय होते, यात शंका नाही. मी सहज विचारले, "या नावाचा अर्थ काय?" कोणालाच सांगता येईना.

घरी येऊन पुस्तके चाळली. मध्ययुगात पश्चिमेकडून आलेल्या खलाशांनी संत आयरीनच्या नावाने या बेटाला 'सांता इरिनी' म्हटले. त्याचेच पुढे सँटोरिनी झाले. आयरीन म्हणजे शांती. बेटाचे प्राचीन आणि आजही ग्रीक सरकारदरबारी चालणारे नाव मात्र 'थिरा'. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी ज्या उद्रेकाने बेटाचा मध्यभाग गिळला, त्याच्याच काठावर ही 'शांती' नांदते आहे. २०२५ च्या प्रारंभी तेथे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा ११ हजारांहून अधिक लोक काही काळ बेट सोडून गेले. छायाचित्रांत ती माणसे कोठेच दिसली नव्हती.

हे वाचताना मला आपल्या घरचेच एक बेट आठवले. मुंबईच्या बंदरातील 'एलिफंटा'. ते स्वतः ज्वालामुखी नव्हे. परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचेच ते बनलेले आहे. त्याच पाषाणात शिवाची ती भव्य त्रिमुख मूर्ती कोरलेली आहे. पोर्तुगीज आले, त्यांना धक्क्याजवळ दगडी हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाला हत्तीचे नाव दिले. तो हत्ती १८६४ मध्येच मुंबईला हलविला गेला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. हत्ती गेला, नाव राहिले.

१९९० च्या दशकात मुंबईत एम. डी. करीत असताना आम्ही चार निवासी डॉक्टर सुटीच्या दिवशी तेथे गेलो होतो. लेणी पाहिली, भरपूर छायाचित्रे काढली. सायंकाळी धक्क्यावर शेवटच्या लाँचची वाट पाहत असता आमच्या बोलण्यावरून आम्ही डॉक्टर आहोत हे ताडून एक बाई पुढे आली. कडेवर वर्षाचे मूल; ताप आणि जुलाब. मी तपासले, मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे ते समजावले आणि म्हणालो, "उद्या मुंबईला दाखवा." ती म्हणाली, "होडी मिळाली तर." काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "तुम्ही एलिफंटाच्याच ना?" ती शांतपणे म्हणाली, "ते तुमचं नाव, डॉक्टर. आम्ही घारापुरीचे."

लाँच सुटली. समोर मुंबईचे दिवे झगमगत होते. मागे बेट काळोखात बुडत होते. त्या बाळाचे नाव मी विचारलेच नाही, हे गेटवेला उतरल्यावर माझ्या लक्षात आले. त्याचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

बाहेरच्याने दिलेले नाव त्याला प्रथम काय दिसले ते सांगते. तेथे कोण राहते, ते सांगत नाही. किंबहुना, नावाची मोहिनी जितकी मोठी, तितका तेथील माणूस दृष्टीआड होतो. घारापुरीची लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्याच बेटावरील शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांना समुद्राखालून नेलेल्या केबलने नियमित वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली ३१ वर्षे रात्री काही तास जनित्रावर दिवे लागत. लसींना २ ते ८ अंश तापमान अखंड लागते, हे आपणा डॉक्टरांना वेगळे सांगावयास नको. लेणी जपू नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती पाहावयास जगभरातून माणसे येत असताना पलीकडच्या वाडीतला अंधार आम्हाला दिसला नाही, एवढेच माझे म्हणणे.

फलक बदलावेत, असाही माझा आग्रह नाही. फलक बदलल्याने नजर बदलतेच असे नाही. आपलेच पाहा ना! परप्रांतातील अधिवेशनात 'मी भोपाळचा' म्हटले की समोरचा लगेच डिसेंबर १९८४ ची वायुदुर्घटना काढतो. ती आपण कधी विसरणार नाही, विसरूही नये. परंतु मोठा तलाव, भेलच्या नोकरीसाठी येथे येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, आपला गणेशोत्सव, आपले दवाखाने, हेही भोपाळच आहे ना? समोरच्याने एका शब्दात आपले गाव संपविले की मनाला जे लागते, तेच त्या माउलीला लागले असावे.

सँटोरिनीला अवश्य जावे. मात्र तेथील एखाद्या दुकानदाराला 'थिरा'तील माणसे हिवाळ्यात आजारी पडली तर कोठे जातात, हेही विचारावे. मुंबईला गेलात तर लेणी पाहून झाल्यावर वाडीपर्यंत चालत जावे. आणि आपल्या दवाखान्यात? वॉर्डात फेरी मारताना 'चार नंबरचा न्यूमोनिया' असे शब्द माझ्याही तोंडी येत असत. त्या संध्याकाळनंतर मी एक नियम केला: स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी बाळाचे नाव विचारावयाचे; कागदावरचे नव्हे, घरी हाक मारतात ते. आई ते सांगते आणि मग न विचारलेलेही बरेच काही सांगू लागते. आपल्या तरुण सहकाऱ्यांनीही हे करून पाहावे, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.